न्यूट्रॉनला बेंझीन किती जड लागतं?

बेंझीनच्या बाटलीवर रेणुभार ७८.११ असा छापलेला असतो. बाटली पुण्यातल्या एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली असो किंवा पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतली, आकडा तोच. याच बेंझीनचा थंडगार स्फटिक करून त्यावर न्यूट्रॉन सोडले आणि मिळालेला वर्णपट समजून घ्यायला बसलं, की रेणू किती मागे सरकला या हिशेबात ७८ चालत नाही. तिथे २१ घालावे लागतात. रेणूतला एकही अणू कमी झालेला नसतो, तरी न्यूट्रॉनला तो चौथ्या हिश्शाइतकाच जड लागतो.

या २१ ला प्रभावी वस्तुमान म्हणतात, आणि प्रयोगशाळेत बोलताना सगळे ‘इफेक्टिव्ह मास’च म्हणतात. इन्फ्रारेड किंवा रामन वर्णपट वाचून तयार झालेला विद्यार्थी न्यूट्रॉनकडे वळला की हमखास इथे अडतो, कारण प्रकाशाच्या जगात हा प्रश्न कधी उभाच राहत नाही. कारण नीट कळलं, तर न्यूट्रॉनच्या कंपन-वर्णपटातल्या निम्म्या विचित्र गोष्टी आपोआप उलगडतात: शिखरं जागेवरून सरकलेली का दिसतात, त्यांच्या उजव्या बाजूला फुगवटे का येतात, वरच्या ऊर्जेला सगळं चिखलासारखं का होतं.

आधी प्रकाश आणि न्यूट्रॉन यांच्यातला फरक पाहू. इन्फ्रारेडचा फोटॉन रेणूला ऊर्जा देतो आणि संपतो. त्याला संवेगही असतो, पण तो इतका किरकोळ की रेणू त्या धक्क्याने हलला असं कुणी धरत नाही. न्यूट्रॉनचं तसं नाही. त्याचं वस्तुमान जवळपास प्रोटॉनइतकं असतं. तो येतो, एखाद्या अणुकेंद्रावर आदळतो, थोडी ऊर्जा तिथे सोडतो आणि उरलेली घेऊन निघून जातो. जाताना धक्का देऊन जातो. हा धक्का, म्हणजे संवेगातला बदल, न्यूट्रॉनवाले ‘क्यू’ या अक्षराने दाखवतात आणि ‘प्रति अँगस्ट्रॉम’ या एककात मोजतात (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा हिस्सा). वर्णपटवाले ऊर्जा ‘वेव्हनंबर’ या एककात मोजतात; १,००० वेव्हनंबरचं कंपन जागवताना न्यूट्रॉनच्या प्रयोगात क्यू साधारण ८ प्रति अँगस्ट्रॉम भरतो. तेवढ्याच ऊर्जेच्या फोटॉनचा धक्का याच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी असतो.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत आयसिस हा न्यूट्रॉन-स्रोत आहे. तिथलं टॉस्का हे उपकरण रसायनशास्त्रज्ञांच्या विशेष सवयीचं. हायड्रोजन असलेल्या पदार्थांची कंपनं पाहायची तर नमुना तिथे पाठवायचा, असा प्रघात जगभर आहे. टॉस्काची रचना अशी आहे की नमुन्यातून बाहेर पडताना ज्या न्यूट्रॉनकडे साधारण ३२ वेव्हनंबर एवढीच ऊर्जा उरली आहे, तेवढेच मोजले जातात. याचा परिणाम मोठा आहे. न्यूट्रॉनने किती ऊर्जा दिली हे ठरलं की धक्का किती दिला हेही ठरून जातं, दोन्ही एकमेकांना बांधलेले. ढोबळ नियम असा की क्यूचा वर्ग म्हणजे दिलेल्या ऊर्जेचा साधारण सोळावा हिस्सा. १,००० वेव्हनंबरला क्यूचा वर्ग ६० च्या आसपास, ३,००० ला १८० च्या आसपास. थोडी ऊर्जा पण जोरदार धक्का, किंवा भरपूर ऊर्जा पण हलका धक्का, अशी निवड या यंत्रावर करता येत नाही.

धक्का बसलेली वस्तू मागे सरकते आणि त्या सरकण्यातही ऊर्जा खर्च होते. ही रिकॉइलची ऊर्जा. ती काढणं सोपं आहे: क्यूच्या वर्गाला १६.९ ने गुणायचं आणि अणुभाराच्या एककातल्या वस्तुमानाने भागायचं, उत्तर वेव्हनंबरमध्ये येतं. आता १,००० वेव्हनंबरच्या कंपनासाठी आकडे घाला. वस्तुमान ७८ धरलं तर रिकॉइल १३ वेव्हनंबर. २१ धरलं तर ४८. आणि प्रोटॉन पूर्ण मोकळा असेल, म्हणजे वस्तुमान १, तर जवळजवळ हजार. सगळी ऊर्जा मागे सरकण्यातच संपेल. टॉस्काची विभेदनक्षमता सव्वा टक्क्याच्या आसपास आहे, म्हणजे १,००० ला बारा-तेरा वेव्हनंबरचा पसारा यंत्राचाच असतो. तेरा वेव्हनंबरचं रिकॉइल त्यात लपून गेलं असतं. अठ्ठेचाळीस लपत नाही. म्हणून ७८ की २१ हा कागदी वाद नाही. शिखराच्या कडेला दिसणारा फुगवटा समजणार की नाही, हे त्यावर ठरतं.

मग २१ येतात कुठून? पहिली गोष्ट, न्यूट्रॉन रेणूवर कुठे आदळतो. न्यूट्रॉनला इलेक्ट्रॉनांच्या ढगाचं फारसं काही वाटत नाही, तो अणुकेंद्राला भिडतो. सगळ्या केंद्रांमध्ये त्याला सर्वांत ठळक दिसतं ते हायड्रोजनचं. बद्ध, म्हणजे रेणूत बांधलेल्या, प्रोटॉनचा क्रॉस-सेक्शन (न्यूट्रॉनला भासणारा आकार, तो बार्न या एककात मोजतात) सुमारे ८२ बार्न, कार्बनचा साडेपाच, ऑक्सिजनचा सव्वाचार. त्यामुळे बेंझीनवर पडणारे बहुतेक ठोसे त्याच्या सहा हायड्रोजनांवर बसतात. आणि हे हायड्रोजन असतात अगदी परिघावर, रेणूच्या मध्यापासून सुमारे २.४८ अँगस्ट्रॉमवर. ठोसा मध्यावर बसत नाही, काठावर बसतो. सगळी मेख इथे आहे.

हे घरी करून पाहता येतं आणि करून पाहाच. कॅरमचा बोर्ड घ्या, पावडर नेहमीपेक्षा थोडी जास्त टाका आणि मधोमध तीस सेंटिमीटरची लाकडी फूटपट्टी सपाट ठेवा. स्ट्रायकर पट्टीच्या बरोबर मध्यावर काटकोनात मारा. पट्टी सरळ पुढे जाते आणि स्ट्रायकर तिच्या पूर्ण वजनाशी टकरावतो. आता तेवढ्याच जोराने पट्टीच्या टोकावर मारा. पट्टी गर्रकन फिरते, स्ट्रायकरला अडथळा फारसा जाणवत नाही. पट्टी तीच, पण टोकाशी ती हलकी लागते. किती हलकी, याचं उत्तर नेमकं आहे. ज्या जागी मारलं तिथलं प्रभावी वस्तुमान काढायचं तर दोन गोष्टींची बेरीज करायची: एक भागिले पूर्ण वस्तुमान, आणि मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग भागिले जडत्व आघूर्ण, म्हणजे वस्तू फिरवायला होणाऱ्या विरोधाचं माप. या बेरजेचा व्यस्त म्हणजे प्रभावी वस्तुमान. एकसारख्या पट्टीच्या टोकासाठी हे गणित केलं तर उत्तर बरोबर एक चतुर्थांश येतं. शंभर ग्रॅमची पट्टी टोकाशी पंचवीस ग्रॅमसारखी वागते. टोकावर ठोसा बसला की पट्टीचा सगळा भाग एकदम पुढे जात नाही. दुसऱ्या टोकाकडचा काही भाग तर उलट दिशेला जातो, आणि मारलेल्या टोकापासून दोन तृतीयांश अंतरावरचा एक बिंदू त्या क्षणी जागचा हलत नाही. ठोशाला सगळं वजन ढकलावंच लागत नाही. शिवाय पट्टीच्या लांबीच्या दिशेने, टोकावर समोरून मारलं तर फिरणं नाही, पूर्ण शंभर ग्रॅम आडवे येतात. म्हणजे प्रभावी वस्तुमान जागेवर अवलंबून आहे तसंच दिशेवरही.

हेच सूत्र बेंझीनला लावा. प्रोटॉनला कार्बनच्या रेषेत, रेणूच्या मध्याकडे धक्का बसला तर रेणू फिरत नाही, पूर्ण ७८ जाणवतात. रेणूच्या पातळीतच पण त्या रेषेला काटकोनात बसला, तर रेणू चक्रासारखा फिरतो आणि २१ जाणवतात. पातळीच्या बाहेर, वर किंवा खाली बसला तर रेणू उलथतो. या दिशेचं जडत्व आघूर्ण निम्मं असल्यामुळे फक्त १२ च जाणवतात. पावडरच्या नमुन्यात रेणू सगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून तिन्हींची सरासरी घ्यायची. सरासरी मात्र वस्तुमानांची नाही, त्यांच्या व्यस्तांची, कारण रिकॉइलची ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्तावर चालते. ती २१ येते.

इतर रेणूंचे आकडे पाहिले की ही कल्पना किती खोल आहे ते कळतं. मिथेनचा रेणुभार १६, प्रभावी वस्तुमान ३.२. पाण्याचा रेणुभार १८, म्हणजे मिथेनपेक्षा जास्त, पण प्रभावी वस्तुमान जेमतेम १.९. हे पहिल्यांदा पाहिलं की चुकलंय असंच वाटतं. चुकलेलं नसतं. दोन्ही रेणूंत जड अणू जवळजवळ मध्यावर बसलेला असल्यामुळे फिरण्याला विरोध करतात ते फक्त हायड्रोजन. मिथेनमध्ये एका प्रोटॉनला ढकललं तर उरलेल्या तिघांना सोबत फिरवावं लागतं, पाण्यात उरलेल्या एकालाच. म्हणून रेणुभाराने जड असलेलं पाणी न्यूट्रॉनला हलकं लागतं. रेणुभार बघून अंदाज बांधायची सवय इथे सोडावीच लागते.

ही जाण आजची नाही. १९३६ मध्ये एन्रिको फर्मी यांनी दाखवलं की रेणूत घट्ट बांधलेला प्रोटॉन न्यूट्रॉनला मोकळ्या प्रोटॉनच्या चौपट मोठा भासतो. आज तक्त्यांत मोकळ्या प्रोटॉनचा सुमारे २०.५ आणि बद्ध प्रोटॉनचा ८२ बार्न असे दोन आकडे दिसतात ते यामुळेच. पण पूर्ण मोकळा आणि पूर्ण बद्ध ही दोन टोकं झाली. खरे रेणू मधे कुठेतरी असतात. १९४१ मध्ये रॉबर्ट सॅक्स आणि एडवर्ड टेलर यांनी ही मधली जागा भरली: न्यूट्रॉनची ऊर्जा रेणूची कंपनं जागवायला अपुरी पण त्याला फिरवायला पुरेशी असेल, तर रेणूऐवजी दिशेनुसार बदलणारं एक वस्तुमान घ्यावं आणि मोकळ्या कणासारखं गणित करावं. म्हणूनच या संख्येला सॅक्स-टेलर वस्तुमान असंही म्हणतात. १९५७ मध्ये क्रीगर आणि नेल्किन यांनी त्यात कंपनं जोडली. त्या काळातल्या लोकांना याची गरज वर्णपटासाठी नव्हती. अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला पाणी किंवा दुसरा हायड्रोजनयुक्त पदार्थ वापरला तर न्यूट्रॉन एका टकरीत किती ऊर्जा गमावतो, हे त्यांना हवं होतं. उत्तर अर्थातच समोरच्या प्रोटॉनच्या प्रभावी वस्तुमानात दडलेलं.

इथपर्यंत सगळं रेणू मोकळा आहे असं धरून चाललं. पण वर्णपट घेताना नमुना २० केल्व्हिनच्याही खाली थंड केलेला असतो, बेंझीन गोठलेलं असतं, प्रत्येक रेणू शेजाऱ्यांनी जखडलेला असतो. तो गर्रकन फिरू शकत नाही, जागच्या जागी थोडा डुलू शकतो. मग मोकळ्या रेणूचं वस्तुमान इथे कसं चालतं? मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

जखडलेल्या रेणूला धक्का बसला की ऊर्जा वाटेल तेवढी घेता येत नाही. स्फटिकाच्या जालकाची, म्हणजे रेणूंच्या नियमित मांडणीची, कंपनं ठरावीक आकाराच्या पुड्यांतच ऊर्जा घेतात. या पुड्या म्हणजे फोनॉन. एखादा धक्का एकही फोनॉन न जागवता पचतो. तेव्हा संवेग अख्खा स्फटिक घेतो, आणि स्फटिक इतका जड की त्याच्या सरकण्यात ऊर्जा जवळपास शून्य लागते. एखादा धक्का एक फोनॉन जागवतो, एखादा दोन, एखादा पाच. कुठला धक्का काय करील हे सांगता येत नाही, पण सरासरी मात्र पक्की असते: जालकाच्या कंपनांत गेलेली सरासरी ऊर्जा मोकळ्या रेणूच्या रिकॉइलइतकीच भरते. बंधन घट्ट असो वा सैल, ही सरासरी हलत नाही. तापमानाने जालकातला पसारा वाढतो, काही न्यूट्रॉन उलट ऊर्जा घेऊन निघतात, तरीही सरासरी तीच राहते. स्फटिकाला रिकॉइल रोखता येत नाही. ते कसं वाटलं जाईल, एवढंच त्याच्या हातात असतं.

वाटणी कशी होते ते आकड्यांत पाहू. बेंझीनसारख्या स्फटिकात जालकाच्या कंपनांची सरासरी ऊर्जा ८० वेव्हनंबर धरू. १,००० वेव्हनंबरच्या शिखरापाशी रिकॉइल ४८, म्हणजे सरासरी ०.६ फोनॉन. अशा वेळी एकही फोनॉन न जागण्याची शक्यता साधारण ५५ टक्के येते. म्हणजे निम्म्याहून जास्त न्यूट्रॉन खऱ्या कंपनाच्या जागी टोकदार शिखर देतात आणि उरलेले त्याच्या उजवीकडे पसरतात. या उजवीकडच्या पसाऱ्याला फोनॉन विंग म्हणतात, आणि वर ज्या फुगवट्याचा उल्लेख केला तो हाच. आता ३,००० वेव्हनंबरकडे चला, जिथे कार्बन-हायड्रोजन बंध ताणला जातो. तिथे रिकॉइल दीडशेच्या घरात, सरासरी फोनॉन जवळजवळ दोन, आणि टोकदार शिखरासाठी उरतात फक्त सोळा-सतरा टक्के न्यूट्रॉन. शिखर विरघळलेलंच असतं. इन्फ्रारेडमध्ये ३,००० च्या आसपासच्या ठसठशीत रेषा पाहायची सवय असलेल्याला टॉस्काच्या आलेखात तिथे नुसता उंचवटा दिसतो. नमुना खराब नसतो, कंपनही गायब झालेलं नसतं. ते शेकडो वेव्हनंबरवर वाटून गेलेलं असतं.

नमुना थंड का करायचा, हेही इथेच कळतं. सरासरी रिकॉइल थंड करून कमी होत नाही, पण एकही फोनॉन न जागण्याची शक्यता वाढते. ८० वेव्हनंबरच्या कंपनाचा विस्तार २० केल्व्हिनला शून्यबिंदूच्या हालचालीपुरताच, म्हणजे कितीही थंड केलं तरी उरणाऱ्या हालचालीपुरताच असतो. खोलीच्या तापमानाला असलं मऊ कंपन असणाऱ्या पदार्थात विस्ताराचा वर्ग पाचपट होतो आणि १,००० वेव्हनंबरलाच टोकदार भाग पंचावन्न टक्क्यांवरून चार-पाच टक्क्यांवर येतो. म्हणून हेलियमच्या शीतकाशिवाय या विद्येत पान हलत नाही.

३,००० वेव्हनंबर स्वच्छ पाहायचेच असतील तर धक्का कमी करायला हवा, म्हणजे ऊर्जा आणि क्यू यांची टॉस्कावरची गाठ सोडवायला हवी. त्यासाठी वेगळ्या घडणीची यंत्रं असतात. आयसिसवरचं मॅप्स त्यांतलं एक. इथे येणाऱ्या न्यूट्रॉनची ऊर्जा आधीच ठरवतात आणि नमुन्यातून जवळजवळ सरळ पुढे निघून गेलेले न्यूट्रॉन मोजतात. समजा ५,००० वेव्हनंबरचा न्यूट्रॉन आला, ३,००० देऊन पाच अंशाच्या कोनात निघून गेला. क्यूचा वर्ग ४२ च्या आसपास येतो, टॉस्कावरच्या १८० च्या चौथाईहून कमी. रिकॉइलही तेवढंच घटतं. मोबदल्यात इतर ठिकाणची विभेदनक्षमता सोडावी लागते, म्हणून दोन्ही प्रकारची यंत्रं लागतात.

दुसऱ्या दिशेने, धक्का वाढवत गेलं तर काय होतं? आयसिसवरच्याच व्हेसुव्हिओ या उपकरणात न्यूट्रॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पातळीवर असते. ती मोजायला सोन्याचा पातळ पत्रा वापरतात, कारण सोन्याचं केंद्रक ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे न्यूट्रॉन नेमके गिळतं. इथला धक्का इतका जोरदार आणि टक्कर इतकी क्षणिक की बंधांना प्रोटॉन अडवायला वेळच मिळत नाही. प्रोटॉन मोकळ्या कणासारखा मागे उडतो, त्याचं प्रभावी वस्तुमान खरोखर १ होतं. हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन यांची रिकॉइल-शिखरं आपापल्या वस्तुमानानुसार वेगवेगळ्या जागी उभी राहतात आणि शिखराच्या रुंदीवरून टक्कर होण्यापूर्वी प्रोटॉन किती वेगाने डळमळत होता ते वाचता येतं. दोन जवळपास समान वस्तुमानांच्या टकरीत आदळणारा कण मागे फिरत नाही, म्हणून तिथे हायड्रोजन फक्त पुढच्या बाजूच्या डिटेक्टरना दिसतो.

म्हणजे बेंझीनमधला एकच प्रोटॉन. अगदी हलक्या धक्क्याला तो अख्ख्या स्फटिकाएवढा जड, मध्यम धक्क्याला २१, आणि जबरदस्त धक्क्याला १. यातलं खरं वस्तुमान कुठलं, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. माझं उत्तर असं की त्या टकरीत जेवढं वस्तुमान प्रोटॉनसोबत हलायला तयार झालं, तेवढं खरं.

पुण्यातल्या माणसाला या सगळ्याशी काय घेणं? बरंच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइट या सच्छिद्र स्फटिकी पदार्थांच्या उत्प्रेरकांवर १९८० च्या दशकापासून मोठं काम झालं आहे, बहुवारिकांवरही (पॉलिमरवरही) होतं, आणि या दोन्हीत हायड्रोजन कुठे, कसा बसलाय हे न्यूट्रॉनइतकं थेट सांगणारं दुसरं तंत्र सापडणं कठीण. झिओलाइटची सिलिका आणि ॲल्युमिनाची चौकट इन्फ्रारेडला अपारदर्शक होते, न्यूट्रॉनला ती जवळपास दिसतच नाही. घाट उतरून गेलं की तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टी आहे, १०० मेगावॉटची, १९८५ पासूनची. त्या आधीच्या सायरस भट्टीवर न्यूट्रॉन प्रकीर्णनाचं, म्हणजे आदळून विखुरलेले न्यूट्रॉन मोजण्याचं, भारतीय काम उभं राहिलं, पी. के. अय्यंगार यांनी त्यासाठीचे धडे कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्यासोबत गिरवले होते. ब्रॉकहाउस यांना पुढे १९९४ मध्ये क्लिफर्ड शल यांच्यासह नोबेल मिळालं. विद्यापीठांतल्या संशोधकांना ध्रुववर वेळ मिळवून देण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुंबई केंद्र आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या एमएस्सीच्या मुलांनी ही वाट माहीत करून घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या नमुन्याचा वर्णपट हातात आला की करायचं काय, याबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगतो. प्रभावी वस्तुमानाच्या जागी रेणुभार घालू नका. लहान, ताठ रेणू असेल तर वरचं सूत्र कागदावर सुटतं. बहुवारिकात मात्र रेणुभार लाखांत असतो आणि त्याचा काही उपयोग नसतो, कारण साखळी लवचीक असते. एका प्रोटॉनला धक्का बसला तर सोबत हलतात फक्त शेजारचे मोजके गट. तिथे प्रभावी वस्तुमान वर्णपटाशी जुळवून काढतात. जुळवून आलेला आकडा माहिती देतो: प्रोटॉनचा परिसर किती ताठ, किती सैल. पण तो आकडा म्हणजे एखाद्या तुकड्याचं वजन समजून ‘इथे नेमके चार कार्बन एकत्र हलतात’ असा निष्कर्ष काढणं धाडसाचं आहे. दिशांची सरासरी, हायड्रोजन-बंध, जालकाची मऊ कंपनं हे सगळं त्या एका आकड्यात कोंबलेलं असतं. आता पूर्ण स्फटिकाची कंपनं संगणकावर क्वांटम गणिताने काढून, प्रत्येक फोनॉनचा वाटा वेगळा मांडून वर्णपट रचता येतो, आणि आयसर पुणे इथल्या परम ब्रह्मासारख्या महासंगणकाला साजेसं हे काम आहे. ते शक्य असेल तर तेच करावं. तरीही आधी कागदावर प्रभावी वस्तुमान काढून ठेवा. संगणकाने दिलेला फुगवटा योग्य जागी आलाय का, हे ताडून पाहायला ते लागतंच.

शेवटची गोष्ट अशा नमुन्यांबद्दल, जिथे रिकॉइल हीच हवी असलेली माहिती असते. हायड्रोजन वायू साठवायला सच्छिद्र पदार्थ शोधणाऱ्यांना नेहमी एक प्रश्न असतो: आत गेलेल्या वायूपैकी किती रेणू भिंतींना धरून आहेत आणि किती नुसते भटकतायत? थंड हायड्रोजनचा रेणू न फिरणाऱ्या अवस्थेतून पहिल्या फिरत्या अवस्थेत जातो तेव्हा ११८ वेव्हनंबर घेतो. प्रकाशाला हे संक्रमण वर्ज्य आहे, न्यूट्रॉन मात्र प्रोटॉनचा स्पिन उलटवून ते घडवू शकतो. रेणू भिंतीला धरलेला असेल तर धक्का भिंत पचवते आणि ११८ च्या आसपास टोकदार रेषा दिसते. चिकटण्याची जागा असममित असेल तर ती दुभंगते. रेणू मोकळा असेल तर दोनच्या वस्तुमानाने तो मागे उडतो आणि तीच रेषा वरच्या ऊर्जेकडे शंभर-दोनशे वेव्हनंबरपर्यंत लांबत पसरते. पदार्थात वायू थोडा-थोडा सोडत वर्णपट घेत गेलं, तर सुरुवातीला फक्त टोकदार रेषा वाढते. भिंतीवरच्या चांगल्या जागा भरल्या की तिची वाढ थांबते आणि शेजारी पसरट रिकॉइल उगवू लागतं. ज्या मात्रेला हा बदल दिसतो, ती त्या पदार्थाची घट्ट धरून ठेवण्याची क्षमता.